तिखट खाली, पॉवर बँक वर

नागपूरचं लेकरू सुट्टी संपवून पुण्याला किंवा बंगळूरला परत निघालं की घरची बॅग कशी भरली जाते, हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. भिवापुरी मिरचीचं तिखट, सावजी मसाल्याची पुडी, कैरीचं लोणचं, सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या, संत्रा बर्फीचे दोन बॉक्स आणि हंगाम असला तर पिशवीभर संत्री. त्यात लेकराचा स्वतःचा लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक. सोनेगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचल्यावर या सामानाच्या वाटण्या होतात. तिखट आणि मसाला जवळच्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इनच्या बॅगेतून विमानाच्या पोटात जायला हवा. पॉवर बँकेचं नेमकं उलटं आहे. ती पोटात चालत नाही, जवळच ठेवावी लागते. आणि तिखटाच्याच फडताळातून निघालेलं सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत ठेवायला मनाई आहे.

ऐन घाईत हे नियम कानावर पडले की ते कुणाच्या तरी लहरीवर चालतात असं वाटतं. पण सुरक्षा तपासणीचा जवळजवळ प्रत्येक नियम दोन प्रश्नांतून निघतो, आणि ते प्रश्न ठाऊक असले की न पाहिलेल्या यादीतलीही बरीच उत्तरं आपली आपण काढता येतात. जी वस्तू आपल्यासोबत वर जाणार आहे तिच्याबाबतचा प्रश्न असा: तीस हजार फुटांवर ही एखाद्या माणसाच्या हातात असली तर तो तिनं काय करू शकेल? जी खाली, पोटात जाणार आहे तिच्याबाबतचा प्रश्न वेगळा: कुणाचाही हात जिथे पोचत नाही तिथे हिनं आपणहून काही केलं तर ते कोण थांबवणार? वरची भीती माणसाची, खालची भीती आगीची आणि स्फोटाची.

वरच्या भीतीला आपल्या देशात तारीख आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे छोटं फॉकर विमान दोन तरुणांनी लाहोरला पळवलं. प्रवाशांची सुटका झाली, विमान मात्र तिथे जाळण्यात आलं. त्या दोघांजवळची शस्त्रं म्हणजे एक खोटं पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब. भारतानं त्यानंतर पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली, आणि पूर्व पाकिस्तानात सैन्य धाडायला त्यांना श्रीलंकेचा वळसा पडू लागला. बांगलादेश युद्धाच्या वर्षातली ही मोठी घडामोड एका खेळण्यापाशी सुरू झाली होती. पुढे २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला चाललेलं विमान दोघांनी वाराणसीला नेलं. इंदिरा गांधींची अटक मागे घ्या, ही त्यांची मागणी. त्यांच्याही हातात खेळण्यातलीच पिस्तुलं निघाली.

म्हणून नातवासाठी सीताबर्डीवरून घेतलेली प्लॅस्टिकची बंदूक जवळच्या बॅगेत सापडली की जवान ती बाजूला काढतो. ती खेळण्यातली आहे हे त्याला दिसतं. प्रश्न वैमानिकाचा आहे. बंद दारापलीकडे बसलेल्या त्या माणसाला आणि पंधराव्या रांगेतल्या घाबरलेल्या प्रवाशाला ती खरी की खोटी हे कळायला मार्ग नसतो, आणि कळेपर्यंत विमानाची दिशा बदललेली असते. खेळणं चेक-इनच्या बॅगेत टाकलं की हा प्रश्नच उरत नाही.

१० सप्टेंबर १९७६ रोजी आणखी एक विमान लाहोरला पळवलं गेलं, तेव्हा सरकारनं पांडे समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक विभाग उघडला. १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र झाला. हाच नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. काय चालेल आणि काय चालणार नाही याच्या याद्या ब्युरो काढतो, त्या अमलात आणण्याचं काम विमानतळावरच्या दलाचं. हे काम पूर्वी राज्याच्या पोलिसांकडे असे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी ८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं आणि तो आठवडा देशानं श्वास रोखून काढला. त्यानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, सीआयएसएफकडे सोपवायला सुरुवात झाली. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर पहिलं, मग एकेक करत बाकीचे. आज नागपूरला दारात तिकीट आणि ओळखपत्र पाहणारा खाकीतला जवान याच दलाचा.

आता तिखटाकडे येऊ. भिवापुरी तिखटाची मूठ एखाद्याच्या डोळ्यांत गेली तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. बंद केबिनमध्ये, जिथे पळायला जागा नाही, तिथे ती मूठ हत्यार होते. म्हणून तिखट, मिरपूड आणि मसाल्याच्या पुड्या जवळच्या बॅगेत मना आहेत. मिरचीच्या लोणच्याचं नाव तर यादीत स्वतंत्रपणे येतं. खाली पोटात तिखट निरुपद्रवी आहे, तिथे त्याला कुणाचे डोळे नाहीत. पुडी दुहेरी पिशवीत बांधून चेक-इनच्या बॅगेत टाकावी, एवढंच. अख्ख्या नारळाचंही हेच. तोही केबिनमध्ये अडतो. सबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र २०२४ च्या हंगामात इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून सोबत नेण्याची मुभा ब्युरोनं २० जानेवारी २०२५ पर्यंत दिली होती. शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण नेता येतं, पण पातं सहा इंचांच्या आत आणि एकूण लांबी नऊ इंचांच्या आत हवी. श्रद्धेला जागा करून देताना मोजपट्टी सोडलेली नाही, आणि मला हे शहाणपणाचं वाटतं.

तपासणीच्या पट्ट्यावर बॅग आत जाते तेव्हा पडद्यापाशी बसलेल्या माणसाला नेमकं काय दिसतं? हे कळलं की बॅग भरण्याची पद्धतच बदलते. यंत्र बॅगेतून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडतं आणि प्रत्येक वस्तूनं किती किरण अडवले यावरून तिची घनता आणि तिच्यातल्या अणूंचा हलकेपणा-जडपणा यांचा अंदाज बांधतं. मग रंग भरतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या वस्तू, म्हणजे अन्न, कपडे, कागद, साबण, नारिंगी दिसतात. धातू निळे, मधल्या वजनाचे पदार्थ हिरवे, आणि किरण आरपार जातच नाहीत ती जागा काळी. संत्रं पडद्यावरही नारिंगीच दिसतं, पण त्याच्या सालीच्या रंगाचा त्यात काही भाग नाही. पांढरी साबुदाण्याची खिचडीही तिथे नारिंगीच असते.

अडचण अशी, की बहुतेक स्फोटकंही हलक्या मूलद्रव्यांचीच असतात. तीही नारिंगी दिसतात. मग सदऱ्यात आणि स्फोटकात फरक करायचा कशावरून? घनतेवरून. कापड विरळ, स्फोटक घट्ट आणि सलग. आता संत्रा बर्फीचा बॉक्स आठवा. साखर आणि संत्र्याचा गर आटवून बनलेली, हवा जवळजवळ नसलेली, सारख्या जाडीची आयताकृती वडी. पडद्यावर ती गडद नारिंगी, नेमक्या कडांची, सलग दिसते. तिच्याशेजारी मोबाइलच्या चार्जरची वायर आणि पॉवर बँक पडलेली असली, तर घट्ट सेंद्रिय ठोकळा, वायर आणि बॅटरी हे तिन्ही एकाच चौकटीत येतात. बॅग बाजूला घेऊन उघडली जाते ती याचमुळे. बर्फीला बंदी नाही, ती खुशाल न्यावी. फक्त बॉक्स वरच्या बाजूला, वायरींपासून लांब ठेवावा. डिंकाचे लाडू, चॉकलेटची लादी आणि चीज हे त्याच जातीतले.

स्टीलचा डबा याहून त्रासदायक. जाड स्टीलमागे काय आहे ते किरणांना धड दिसत नाही आणि पडद्यावर गडद गोल उरतो. आत पुरणपोळ्या असोत की भलतंच काही, उघडल्याशिवाय कळणार नाही. प्रवासापुरतं खाणं प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात भरलं तर रांगेतली पाच मिनिटं वाचतात. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात त्याचंही कारण हेच आहे. त्याची दाट बॅटरी आणि सर्किट खाली जे काही असेल ते झाकून टाकतात.

पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. शेकडो बॅगांत काहीच सापडत नाही, आणि तरी पुढचीही तितक्याच डोळसपणे पाहायची, हे फार अवघड काम. मेंदू लवकर सुस्तावतो म्हणून जगभरात साधारण वीस मिनिटांनी पडद्यावरचा माणूस बदलण्याची रीत आहे. शिवाय यंत्रातली संगणकप्रणाली अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोट्या पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं चित्र मिसळते. ते त्यानं ओळखलं का, याची नोंद होते. आपली बॅग थांबवून दोनदा मागे-पुढे केली जाते तेव्हा कदाचित आपल्या सामानात काहीही नसतं, पाहणाऱ्याचीच परीक्षा चाललेली असते.

कधी कधी कापडाची छोटी पट्टी बॅगेवर किंवा हातावर फिरवून एका यंत्रात घालतात. स्फोटकाचे अगदी सूक्ष्म कण त्याला सापडतात. रासायनिक खत हाताळलेल्या माणसाच्या हातावर नायट्रेट राहून गेलं तर यंत्र बोंबलू शकतं. शेतीच्या कामावरून थेट निघालेल्यांनी हात स्वच्छ धुऊन यावं आणि विचारलं तर शांतपणे खरं कारण सांगावं.

खालच्या प्रश्नाची गोष्ट याहून दुःखद आहे. २२ जून १९८५ रोजी व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसानं आपली सुटकेस टोरांटोमार्गे एअर इंडियाच्या विमानात चढवण्याचा हट्ट धरला. त्याची पुढची जागा पक्की झालेली नव्हती, तरी बॅग घेतली गेली. तो स्वतः विमानात बसलाच नाही. टोरांटोत त्या दिवशी सामान तपासायचं क्ष-किरण यंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिकवर, एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या उड्डाणाचं ‘कनिष्क’ हे बोइंग ७४७ फुटलं. ३२९ माणसं गेली, त्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला भारतात निघालेली लहान मुलं खूप होती. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या बॅगेत स्फोट झाला आणि सामान हाताळणारे दोन कामगार मारले गेले.

मालक विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात राहू नये, हा नियम जगभर कडक झाला तो यानंतर. चेक-इनला बॅगेच्या मुठीला गुंडाळलेल्या पट्टीवरचा दहा आकडी क्रमांक आपल्या नावाशी जोडलेला असतो. नागपूरला सगळे बसलेले असताना एखाद्या प्रवाशाच्या नावाचा पुकारा पुन्हा पुन्हा होतो आणि विमान जागचं हलत नाही, तेव्हा बाकीचे वैतागतात. तो आलाच नाही तर पोटातल्या शंभर बॅगांमधून त्याची एक शोधून खाली उतरवावी लागते. त्या वीस मिनिटांमागे ३२९ माणसं आहेत, हे माहीत असलेला प्रवासी घड्याळाकडे वेगळ्या नजरेनं पाहील.

दुसऱ्याची बॅग किंवा पुडकं आपल्या नावावर नेऊ नये हेही यातूनच येतं. “आमच्या पोराला एवढं द्या नं जी,” असं म्हणून ऐन वेळी कुणी पार्सल हातात ठेवतं, आणि नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. ते पार्सल उघडून, एकेक वस्तू पाहून, आपल्या हातानं भरलेलं असेल तरच घ्यावं.

पोटातल्या आगीचा धोका गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक वाढला तो लिथियम बॅटरीमुळे. या बॅटरीत आत कुठे शॉर्ट सर्किट झालं की एक कप्पा तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी बाहेरून हवा मिळो न मिळो चालू राहते. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत वाढणारी उष्णता उतरवू शकत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, आणि विमानातले कर्मचारी आग विझवून पाणी ओतत बॅटरी थंड करू शकतात. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या वर. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानाला वरच्या कप्प्यातून आग लागली. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान जळालं, आणि संशय पॉवर बँकेवर आला. तेव्हापासून ती वरच्या कप्प्यातही न ठेवता नजरेसमोर ठेवा, असं अनेक विमान कंपन्या सांगू लागल्या.

मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच लिहिलेलं असतं. त्या आकड्याला हजारानं भागून ३.७ नं गुणावं. २०,००० एमएएचचे ७४ वॉट-तास होतात, ते चालतात. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोन नेता येतात. त्यापुढची घरीच. छापलेला आकडा पुसून गेला असेल तर ती अडवली जाण्याचा संभव आहे, कारण तपासणाऱ्याकडे दुसरा पुरावा नसतो.

आणि खोबरं? सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. ओलसर राहिलेलं खोबरं ढिगानं कोंडून ठेवलं की बुरशी, जिवाणू आणि तेलाचं ऑक्सिडीकरण यांमुळे ते आतून आपोआप तापत जातं. बाहेर जायला वाट नसलेली उष्णता साचत साचत पेट घेण्यापर्यंत पोचू शकते. जहाजांवरच्या मालवाहतुकीला हा धोका फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि वर्ग आहे ‘आपोआप पेटू शकणारे पदार्थ’. चार वाट्यांनी विमान पेटणार नाही हे खरं. पण शंभर प्रवाशांच्या शंभर बॅगांतल्या वाट्या नियमाला एकत्रच मोजाव्या लागतात. पुण्यात खोबरं मिळतं. ते तिकडेच घ्यावं.

वजनाचा नियम या सगळ्यांहून जुना, आणि तो समजायला नागपूरचंच एक उदाहरण आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. प्रवासीही त्यांतून जात, मुंबईचा माणूस नागपूरला विमान बदलून सकाळी कलकत्त्यात. १९७३ पर्यंत हे चाललं. डाकोटासारख्या विमानात एक थैली जास्त झाली की एक थैली उतरवावी लागे. किती उचलायचं आणि ते पुढे-मागे कुठे ठेवायचं, हे हिशेब तेव्हाही होते आणि आजच्या एअरबसलाही सुटलेले नाहीत. देशांतर्गत साध्या तिकिटावर आज साधारणपणे १५ किलो खाली आणि ७ किलो वर, आणि वर एकच बॅग, लेडीज पर्ससारख्या मोजक्या वस्तू वेगळ्या. एका नगाचं वजन ३२ किलोंच्या वर घेत नाहीत, कारण तो नग कुणीतरी वाकून हातानं उचलणार असतो.

नागपूरहून दोहा किंवा शारजामार्गे परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक गाळणी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांत भरलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून जवळच्या बॅगेत द्रव पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरपर्यंतच, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजली जाते ती बाटली, आतला पदार्थ नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाला उरलेलं खोबरेल तेलही अडतं. तूप, लोणचं, दही हे सगळे द्रवच धरले जातात. बाळाचं दूध आणि चिठ्ठीसह औषधं यांना सवलत आहे. दोह्याला विमान बदलताना तपासणी पुन्हा होते, म्हणून नागपूरला सुटलेलं तिथे सुटेलच असं नाही.

परदेशात उतरल्यावरचे नियम सुरक्षेचे नसतात, शेतीचे असतात. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ प्रवाशाला अमेरिकेत नेता येत नाही, कारण भारतातून येणाऱ्या तांदळासोबत खापरा भुंगेरा जाईल अशी तिथल्या शेती खात्याला धास्ती आहे. संत्र्याचंही तसंच. जे नेलं आहे ते फॉर्मवर खरं लिहावं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड पडतो.

उलट दिशेनं येणाऱ्यांना आपल्याकडची एक गोष्ट ठाऊक नसते. ताडोबा-पेंचचे वाघ पाहायला नागपुरात उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याजवळ उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र असलं, तर भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात एका कॅनेडियन महिलेला विमानतळावर याचसाठी ताब्यात घेतलं होतं. ज्यांच्याकडे असे पाहुणे येतात त्या रिसॉर्टवाल्यांनी ते बुकिंगच्या वेळीच कळवायला हवं. परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या घरांनीही बॅगेचे कोपरे झाडून पाहावेत. विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलिसांत नोंद होते आणि विमान चुकतंच.

बॉम्बची थट्टा तर कुठेच नको. १ सप्टेंबर २०२४ रोजी जबलपूरहून हैदराबादला निघालेल्या विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडली. ते मध्येच नागपूरला उतरवलं, सगळ्यांना खाली काढून कोपरा न् कोपरा तपासला. काही निघालं नाही. त्या प्रवाशांत कुणाची मुलाखत असेल, कुणाचं ऑपरेशन.

राहता राहिली एक व्यवहाराची बाब. तपासणीत एखादी वस्तू अडली तर ती टाकून देणं हा एकमेव मार्ग नसतो. चेक-इनची खिडकी उघडी असली तर मागे जाऊन ती मोठ्या बॅगेसोबत देता येते. देशांतर्गत उड्डाणाला ही खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास हाताशी ठेवून निघावं. दुसरा मार्ग सोडायला आलेल्या माणसाचा. नागपुरात सोडायला अख्खं घर येतं, आणि लेकरू काचेच्या दारातून आत गेलं की लगेच गाडी वर्धा रोडला लागते. त्यांना तपासणी पार होऊन फोन येईपर्यंत बाहेर थांबायला सांगावं. आजीच्या हातचं लोणचं अडलं, तर बरणी परत घ्यायला दाराशी कुणीतरी असेल.